सत्तावन्न वेढे

मैना म्हसे कळंबमध्ये ओळखली जायची ती भाकरीसाठी. नदीकाठच्या रिसॉर्टात शनिवार-रविवारी पाहुणे उतरायचे, आणि जेवणं उरकली की त्यांतलं कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचं, ही तांदळाची भाकरी केली कोणी? मैना तव्यावरची नजर न काढता म्हणायची, "मीच. का, करपली काय?" पाहुणे हसून निघून जायचे. त्या हातांनी आयुष्यात दुसरंही काही केलं असेल, असा विचार करायचं कोणाला कारणच नव्हतं.

खरं म्हणजे भाकऱ्यांच्या आधी चौदा वर्षं ते हात तार गुंडाळत होते. मैनाचं माहेर खालापूरचं. तिथं सावरोलीच्या रस्त्याला रेडिओचे भाग बनवणारी एक कंपनी होती. एकोणिसाव्या वर्षी मैना तिथं कॉइलच्या टेबलावर बसली. बोटभर लांबीची काळी फेराइटची दांडी घ्यायची, तिच्यावर कागदाची नळी चढवायची आणि नळीवर वरून रेशीम चढवलेल्या तारेचे चौऱ्यांशी वेढे घालायचे, एकाला एक चिकटून, एकावर एक चढू न देता. बायका त्या दांडीला कांडी म्हणायच्या. रेडिओला हवेतलं जे काही ऐकू येतं ते या कांडीतून येतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडचं काही कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. तयार कांड्या ट्रेमधून काचेपलीकडच्या टेस्टिंगच्या खोलीत जायच्या. तिथं कानांवर हेडफोन चढवलेले पुरुष बसलेले असायचे. संध्याकाळी ट्रे परत यायचा तेव्हा नापास कांड्यांवर लाल टिकली असायची. मैनाच्या ट्रेमध्ये लाल टिकली क्वचितच दिसायची. एका दिवाळीला सुपरवायझरनं तिला सगळ्यांसमोर बोलावून स्टीलचा डबा दिला होता. तो डबा अजून तिच्या घरी आहे, त्यात ती चहापूड ठेवते.

पुढं रेडिओची मागणी आटली, कंपनी बंद झाली. नवरा कान्हाची खोपोलीतली नोकरीही त्याच सुमारास गेली, तेव्हा दोघं कळंबजवळच्या गावी, कान्हाच्या घरच्या भातशेतीवर परतली. रिसॉर्टं आली तशी मैना तिथल्या चुलीपाशी लागली. कॉइलचं टेबल, काचेपलीकडची खोली, सगळं कुठंतरी मागं राहिलं.

ते पुन्हा पुढं आलं एका शनिवारी, ऑक्टोबरातल्या संध्याकाळी.

नेरळचे झाकीर नजे त्या दिवशी रिसॉर्टात उतरले होते. वय पासष्टच्या आसपास, दाढी पांढरी, बोलणं हळू. तीस वर्षं मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती आणि बोटीवरच त्यांना एक छंद जडला होता: साध्या लहान रेडिओवर, मीडियम वेव्हवर, लांबलांबची केंद्रं पकडायची. दिवसा मीडियम वेव्हचा आवाज जवळपासच फिरतो. दिवस मावळायला लागला की तोच आवाज वरच्या आभाळावर आपटून शेकडो कोस लांब जाऊन पडतो. दिवेलागणीला पूर्वेकडची केंद्रं जागी होतात, पहाटे पश्चिमेकडची. झाकीरभाई ती ऐकायचे आणि वहीत टिपून ठेवायचे. पण नेरळला त्यांच्या घराभोवती आता सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या लिफ्टा, एलईडी दिवे आणि घराघरांतले चार्जर हवेत एवढी भणभण सोडायचे की रेडिओला दुसरं काही ऐकूच येईना. म्हणून ते कळंबला आले होते, शांतता शोधत.

मैना त्यांच्यासाठी चहा घेऊन व्हरांड्यात गेली तेव्हा टेबलावर रेडिओ उघडा पडला होता. आतली छोटी कांडी झाकीरभाईंनी काढून टाकली होती आणि तिच्या जागी तिच्याहून थोडी लांब कांडी बाहेरून बांधली होती. मैना कपबशी ठेवून निघाली आणि दोन पावलांवर थांबली.

"ही कुणी गुंडाळली?" तिनं विचारलं.

"मीच. का हो?"

"तार ब्लेडनं खरवडलीत ना तुमी? टोकाला."

झाकीरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "वरचं रेशीम काढायला दुसरं काय करणार?"

"ब्लेडनं पदर तुटतात. आतमधी सात पदर असतात, केसावानी. यातलं तीन तुटल्यात."

त्यांनी बॅगेतून भिंग काढलं आणि तारेचं टोक उजेडात धरलं. बराच वेळ ते मोजत होते. "तीन नाही," शेवटी ते म्हणाले, "चार तुटलेत."

"मग तुमचा रेडिओ ऐकेल कसा? निम्म्या कानानं?"

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"चौदा वर्सं हेच केलंय आमी," मैना म्हणाली आणि चहा निवतोय म्हणून सांगून आत गेली.

झाकीरभाई चहा संपवून स्वयंपाकघराच्या दारात आले. भाकरीची तारीफ करायला आले असावेत असं रिसॉर्टच्या मॅनेजरला, नीलेशला, वाटलं. पण त्यांनी दोन कांड्या, तारेचं एक छोटं रीळ आणि तो उघडा रेडिओ तिच्यासमोरच्या ओट्यावर ठेवला. कांड्या जुन्या मोठ्या सेटमधल्या होत्या, कर्जतच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या. "मैनाताई," ते म्हणाले, "या दोन कांड्या जोडून एक लांब कांडी करायची आहे. कांडी जितकी लांब तितकं जास्त ऐकू येतं. माझे हात आता थरथरतात. तुम्ही कराल?"

मैनानं हात धुतले, कोरडे केले आणि रीळ बोटांत फिरवून पाहिलं. पंचवीस वर्षांत तिनं अशी तार पाहिली नव्हती. बोटांनी मात्र तिला लगेच ओळखलं.

"ठेवून जा," ती म्हणाली. "आठ दिस लागतील."

घरी कान्हानं ते सामान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कंपनी बंद झाली ती झाली. आता घरात काढतेस व्हय?"

"तुमी फक्त काडेपेटी द्या."

तारेच्या टोकावरचं रेशीम काढायची रीत तिला अजून पाठ होती. टोक काडीच्या जाळावर लाल होईस्तोवर धरायचं आणि तसंच वाटीतल्या स्पिरिटमध्ये बुडवायचं. रेशीम आपोआप सुटतं आणि सातही पदर धुतल्यासारखे लख्ख निघतात. तिनं दोन कांड्या टोकाला टोक लावून चिकटवल्या. वायरिंगच्या पांढऱ्या पाइपाचा तुकडा उभा चिरून त्यात कांडी बसवली आणि पाइप रेडिओच्या डोक्यावर आडवा बांधला. वेढे घातले चौऱ्यांशी. एकही वेढा वाकडा नव्हता. खिडकीशी धरून पाहिलं तेव्हा तिला स्वतःलाच बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी झाकीरभाईंनी दिवस मावळताना रेडिओ लावला. काट्याच्या डाव्या बाजूची केंद्रं ठणठणीत वाजली. काटा उजवीकडं नेला तसा आवाज बसत गेला आणि शेवटच्या टोकाला तर काहीच उरलं नाही.

"पूर्वीपेक्षा बरा आहे," झाकीरभाई म्हणाले. माणूस भला होता, तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला. पण मैनाला तो 'बरा' लागला. चौदा वर्षांत तिची कांडी कोणी नुसती 'बरी' म्हटली नव्हती.

"राहू दे माझ्याकडं आणखी," ती म्हणाली.

चूक कुठं झाली ते तिला समजेना. तार शाबूत होती, सांधा पक्का होता, वेढे मोजून घातले होते. ती भात कापायला जायची तेव्हाही डोक्यात तेच असायचं. आणि कापणीच्या तिसऱ्या दिवशी, एक मूठ कापून दुसरी धरताना, तिला कंपनीतली एक गोष्ट आठवली. एका वर्षी खिशात मावणारा नवा रेडिओ निघाला होता. त्याची कांडी आखूड होती आणि तिच्यावर चौऱ्यांशीऐवजी शहाण्णव वेढे घालायला सांगितले होते. बायका कुरकुरल्या होत्या: कांडी लहान झाली आणि काम वाढलं.

मैना विळा हातात घेऊन उभी राहिली. कांडी आखूड तर वेढे जास्त. मग कांडी लांब, तर वेढे कमी. चौऱ्यांशी हा आकडा देवानं दिलेला नव्हता, तो त्या बोटभर कांडीचा होता. तिच्या वीतभर कांडीचा आकडा वेगळा असणार आणि तो कोणत्याही कंपनीनं ठरवलेला नव्हता. तो तिलाच शोधायचा होता.

"काय झालं गं? काटा गेला काय पायात?" बांधावरून कान्हानं विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "काटा निघाला."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज फटफटायच्या आधी उठून रेडिओ घेऊन खळ्यावर जायला लागली. घरात दिव्याची आणि मोबाइलच्या चार्जरची भणभण होती, खळ्यावर ती कमी होती. तीन वेढे सोडायचे, काटा डावीकडून उजवीकडं फिरवून ऐकायचं, पुन्हा तीन वेढे सोडायचे. झाकीरभाईंनी तिला प्लॅस्टिकचा एक छोटा स्क्रूड्रायव्हर देऊन आतला एक स्क्रू दाखवला होता. उजव्या टोकाचं केंद्र लावून तो हळूच फिरवायचा, आवाज सगळ्यांत मोठा होईल तिथं थांबायचं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर चालत नाही, तो जवळ नेला तरी आवाज पळतो. एक्क्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, पंच्याहत्तर. वेढे जसे कमी होत गेले तशी उजवी बाजू उजळत गेली. सूर्य डोंगराच्या वर आला की लांबची केंद्रं विझायची आणि मैना रिसॉर्टच्या वाटेला लागायची.

पहिले तीन-चार दिवस कान्हा अंथरुणातून कुरकुरला. पाचव्या दिवशी तो थर्मास घेऊन खळ्यावर आला. त्याला कांडीतलं काही कळत नव्हतं, पण त्याचे कान चांगले होते. "आता डावी बाजू पडली," तो म्हणायचा, किंवा "कालच्यापेक्षा आज खडखड कमी हाय." मैना मान हलवायची. तिलाही तसंच वाटलेलं असायचं.

मग एका पहाटे गावाचा ट्रान्सफॉर्मर उडाला. घराघरांतून लोक वैतागून बाहेर आले, कोणी वायरमनला फोन लावत होतं. खळ्यावर मात्र हवा एकदम मोकळी झाली. जी भणभण मैनाला रेडिओचाच आवाज वाटायची ती बंद पडली आणि तिच्याखाली दडलेली केंद्रं एकेक करून वर आली. कुठं कोणी बातम्या सांगत होतं, कुठं पेटीसारखं काहीतरी वाजत होतं, भाषा कळत नव्हती.

"लाइट येऊ नये आज," कान्हा म्हणाला.

"गप बसा. ऐकू द्या."

त्या पहाटे तिनं आकडा पक्का केला. साठच्या पुढं ती एकेकच वेढा सोडत गेली; साठवर उजवी बाजू किंचित मागं होती. पंचावन्नवर डावी बाजू घसरत होती. सत्तावन्नवर दोन्ही टोकं सारखी बोलली. तिनं जुनी, पुन्हा पुन्हा सोडलेली तार टाकून दिली आणि नव्या तारेनं पहिल्यापासून सत्तावन्न वेढे घातले. नळी कांडीवर केसभर पुढं-मागं सरकवून आवाज नेमका केला आणि मधाच्या मेणानं ती तिथं बसवली. मेण डोंगरावरून बाजाराला येणाऱ्या कोंडी नावाच्या ठाकरणीनं दिलं होतं.

झाकीरभाई आले त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओ नेहमीसारखा मांडीवर घेतला आणि काटा सावकाश फिरवायला सुरुवात केली. मैना खांबाशी उभी होती. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मग त्यांनी वही उघडली आणि लिहायला लागले. एक ओळ, दोन ओळी, पानभर. शेवटी त्यांनी हेडफोन काढला आणि तिच्यापुढं धरला.

"कशाला?" मैना म्हणाली.

"तुम्ही केलेलं तुम्ही नीट ऐकायला नको?"

तिनं पदराला हात पुसले आणि हेडफोन कानांवर चढवला. कोणीतरी बाई बोलत होती, इतक्या जवळून की मैनानं दचकून मागं पाहिलं. "बंगालच्या पलीकडून येतंय हे," झाकीरभाई म्हणाले, आणि तिला ऐकू गेलं नसेल म्हणून हातानं लांबवर पूर्वेला दाखवलं. मैनानं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. चौदा वर्षं काचेपलीकडची माणसं हेच ऐकत बसायची तर. तिनं गुंडाळलेल्या कांड्यांतून.

हेडफोन परत देताना ती एवढंच म्हणाली, "चांगलं झालंय."

"चांगलं?" झाकीरभाई म्हणाले. "मैनाताई, मी तीस वर्षं ऐकतोय. एवढ्याशा रेडिओवर असं मी कधी ऐकलं नाही."

डिसेंबरच्या शेवटी झाकीरभाईंनी आपल्यासारख्या छंदी लोकांना कळंबला बोलावलं. पुण्याचे, नाशिकचे, मुंबईचे मिळून अकरा जण आले. कोणाकडं मोठे महागडे सेट होते, कोणी झाडांवरून टाकायला तारेची भेंडोळी आणली होती. शनिवारी दिवेलागणीला, ओळखीपाळखी झाल्यावर, झाकीरभाईंनी आपला छोटा रेडिओ टेबलावर ठेवला. डोक्यावर पांढऱ्या पाइपाचा तुकडा बांधलेला तो रेडिओ पाहून एकदोघं हसले. ऐकल्यावर हसायचे थांबले. पुण्याचा विपुल नावाचा एक इंजिनिअर होता, चाळिशीतला, तो रेडिओ हातात घेऊन उलटसुलट पाहत राहिला.

"ही कॉइल बाहेरून मागवलीत का? जपानहून?"

"आतून," झाकीरभाई म्हणाले आणि स्वयंपाकघराकडं गेले.

मैना भाकऱ्या थापत होती. चुलीवर वालाचं बिरडं रटरटत होतं. "सगळे तुम्हाला भेटायचं म्हणतायत," झाकीरभाई म्हणाले. "जरा बाहेर चला."

"आता?" मैनानं परातीकडं पाहिलं. "बारा माणसांच्या भाकऱ्या कोण थापील? तुमी?"

"दहाच मिनिटं."

"दहा मिनिटांत उकड निवंल. निवलेल्या उकडीची भाकरी चिरते. मी नाय यायची."

झाकीरभाई परत गेले आणि जे झालं ते सांगितलं. विपुल उठला, रेडिओ घेऊन स्वयंपाकघराकडं निघाला आणि त्याच्यामागून बाकीचेही. नीलेश धावत आला, "साहेब, तुम्ही आत कशाला, मी मावशींना पाठवतो," असं म्हणेपर्यंत अकरा माणसं चुलीभोवती उभी होती.

"मावशी," विपुलनं विचारलं, "वेढे किती घातलेत?"

"सत्तावन."

त्यानं मोबाइल काढून काहीतरी आकडेमोड केली. "एवढ्या लांब कांडीला बावन्नच लागायला हवेत. पाच जास्त होतात."

मैनानं तव्यावरची भाकरी उलटली. "कांडी अखंड असती तर बावन लागले असते. ही दोन तुकडं जोडलेली हाय. सांध्यात थोडं गळतं. जेवढं गळतं तेवढं वेढ्यानं भरून काढायचं."

विपुलनं पाइपाच्या चिरेतून आत पाहिलं. सांधा कॉइलखाली झाकलेला होता, त्याला तो दिसलाच नव्हता. मग तो सरळ भिंतीशी पाटावर बसला आणि म्हणाला, "बरोबर. सांध्याची फट मी धरलीच नव्हती. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"एकेक वेढा सोडत गेलं की कळतं. घाई करायची नाय."

आपल्या बॅगेतून त्यानं एक नवी, अखंड, लांब कांडी आणून तिच्या पिठाच्या हातात दिली. मैनानं ती तळहातावर तोलली. "हिला तुझं गणित लागू पडंल बघ. बावन, फार तर तिरपन. पण तार ब्लेडनं खरवडू नको."

मागं कोणीतरी हसलं. दोघा-तिघांनी मुकाट्यानं आपापल्या रेडिओंकडं पाहिलं. पुढचा तासभर मैना भाकऱ्या थापत राहिली आणि ते विचारत राहिले: मेण कोणतं, नळी कागदाचीच का, चिकटवताना कांडी किती दाबायची. ज्यांना चमचाही कधी उचलावा लागला नसेल अशी दोन माणसं तिला परातीतून गोळे करून देत होती. नीलेश दाराशी उभा राहून हे बघत होता. सहा वर्षं ही बाई त्याच्याकडं कामाला होती आणि तिला तो मिठामसाल्यापलीकडं काही बोलला नव्हता.

रविवारी पहाटे सगळे मैनाच्या खळ्यावर जमले. थंडी मी म्हणत होती. कान्हानं शेकोटी केली होती आणि आपल्याच घरचं कार्य असल्यासारखा सगळ्यांना चहा देत फिरत होता. महागड्या सेटवाले तारा टाकून आपापल्या जागी बसले. मैना पेंढ्याच्या भाऱ्यावर बसली आणि झाकीरभाईंचा रेडिओ तिनं मांडीवर घेतला.

पश्चिमेकडं अजून अंधार होता. एका जागी एक दांडगं केंद्र गरजत होतं आणि सगळेजण ते ओलांडून पुढं जात होते. मैना तिथंच थांबली. कांडीचं टोक ज्या दिशेला रोखाल तिकडचा आवाज पडतो, हे तिला आता सवयीनं ठाऊक होतं. तिनं रेडिओ किंचित वळवला. दांडगं केंद्र बसलं. आणखी अंगठ्याएवढा वळवला. ते जवळजवळ नाहीसं झालं आणि त्याच्या खालून एक बारीक आवाज आला. एक म्हातारासा माणूस थांबून थांबून काहीतरी वाचत होता.

"झाकीरभाई, हे काय हाय?"

झाकीरभाईंनी तिच्या शेजारी बसून हेडफोनचा एक कान स्वतःच्या कानाला लावला. त्यांचा चेहरा बदलला. "अरबी," ते कुजबुजले. "मच्छीमारांना वारा सांगतोय. हे बंदर..." त्यांनी डोळे मिटले. "या बंदरात आमची बोट दोनदा लागली होती. छोटंसं आहे. तिथलं केंद्रही छोटंच असणार."

विपुल आणि इतर जमले. महागड्या सेटवर तेच ठिकाण लावलं. त्यांच्या झाडांवरच्या लांब तारांना वळवायची सोय नव्हती, त्यांच्यावर फक्त दांडगं केंद्र ऐकू आलं. एकेकानं मैनाच्या शेजारी बसून ऐकलं. सूर्याची पहिली तिरीप डोंगरावर पडली तसा तो म्हातारा आवाज बारीक होत गेला आणि संपला.

झाकीरभाईंनी वेळ टिपून ठेवली होती. अशा लोकांची एक रीत असते. लांबचं केंद्र ऐकू आलं की काय ऐकलं, किती वाजता, कुठं, ते पत्रानं त्या केंद्राला कळवायचं. खरं ठरलं तर केंद्र तसं कार्ड पाठवतं. झाकीरभाईंनी दुपारी पत्र लिहून काढलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

"सही करा."

"तुमचा रेडिओ, तुमचं पत्र. माझी सही कशाला?"

"ऐकलं तुम्ही. शोधलं तुम्ही. मी फक्त बंदर ओळखलं."

मैनानं सही केली. मराठीत, जोडाक्षर नीट काढून, मैना कान्हा म्हसे.

उत्तर यायला तीन महिने लागले. कार्ड पोस्टमननं रिसॉर्टवर आणून दिलं, कारण घरी कुलूप होतं. एका बाजूला समुद्राचं चित्र, दुसऱ्या बाजूला छापील मजकूर आणि मधल्या रेघेवर हातानं लिहिलेलं तिचं नाव. इंग्रजीत लिहिलं होतं, पण शेजारी त्या केंद्रातल्या कोणीतरी तिच्या पत्रावरची देवनागरी सही बघून तीही तशीच उतरवली होती. अक्षरं वाकडी होती, मात्रा चुकली होती. झाकीरभाईंनी मजकूर वाचून दाखवला: तुम्ही सांगितलेलं बरोबर आहे, आमचा आवाज एवढ्या लांब जातो हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मैनानं कार्ड दोनदा ऐकलं. मग तिनं विचारलं, "त्यांनाबी ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"बघा," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

कान्हानं ते कार्ड कळंबच्या नाक्यावर नेलं, टेंपोवाल्यांना दाखवलं, पिठाच्या गिरणीत दाखवलं, तिथून कर्जतला बाजाराला गेला तेव्हाही शर्टाच्या खिशात घेऊन गेला. "माझ्या बायकोचं हाय," म्हणून सांगायचा. परत आला तेव्हा कार्डाच्या कोपऱ्याला पीठ आणि हळद लागली होती. मैना त्याच्यावर चांगली चिडली. नंतर तो झोपला तेव्हा तिनं कार्ड पुसून देवाच्या फळीवर ठेवलं.

आता मैना रिसॉर्टवर फक्त शनिवार-रविवार जाते. बाकीचे दिवस तिच्या ओटीवर लोकांचे रेडिओ असतात. आतापर्यंत तिनं छत्तीस रेडिओंना लांब कांड्या बसवल्यात. प्रत्येकाच्या आत ती कागदाची एक चिठ्ठी चिकटवते: वेढे किती, तारीख काय आणि खाली तिचं नाव. पुण्याच्या एका दुकानदारानं चिठ्ठी काढून आपलं लेबल लावायचं म्हटलं, तेव्हा तिनं त्याचे आठही रेडिओ उघडलेले होते तसे परत केले. विपुलनं तिच्याकडून सगळी रीत विचारून घेतली आणि या छंदातल्या लोकांच्या मासिकासाठी लिहून काढली. छापायला देण्याआधी त्यानं ती फोनवर वाचून दाखवली. तिनं तीन चुका काढल्या.

काम एकटीला आवरेना झालं तेव्हा ती एक दिवस एसटीनं खालापूरला गेली. कॉइलच्या टेबलावर तिच्या डाव्या हाताला गोदा बसायची आणि समोर जना. दोघी आता आज्या झाल्यात. गोदाला आधी वाटलं, मैना घरातल्या कुणाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आली. मैनानं पिशवीतून कांडी आणि रीळ काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"अगं, आता कुठं जमतंय," गोदा म्हणाली. "डोळं कुठं हायत?"

"बोटं हायत ना? डोळ्यांनी कधी घातलं होतंस तू?"

दर मंगळवारी आता दोघी कळंबला येतात. ओटीवर चटई टाकून तिघी बसतात, मध्ये मेणाची वाटी, स्पिरिटची वाटी आणि काडेपेटी. पहिल्या दिवशी जनानं जुन्या सवयीनं मोजायला सुरुवात केली आणि विचारलं, "चौऱ्यांशीच ना?"

"नाय," मैना म्हणाली. "आधी कांडी बघ. मग सांगते चौऱ्यांशी का नाय ते." आणि तिनं दोघींना पहिल्यापासून समजावून सांगायला घेतलं.